एकोणीस अंश

४ फेब्रुवारी

डावरे,

ही हाक बाबांची. त्यांच्याखेरीज ती मीच मारायची, आणि मीही त्रेचाळीस वर्षांत मारलेली नाही. ओ दिली नाहीस तरी चालेल. पत्र शेवटपर्यंत वाच, एवढंच.

तुझे भाऊजी गेले. सोळा जानेवारीला, सकाळी नऊच्या सुमारास. अकरा दिवस दवाखान्यात होते. त्रास फार झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला रडू आलं नाही. अजून येत नाही. पहिल्या आठवड्यात लोक भेटायला यायचे, माझ्या चेहऱ्याकडे बघत बसायचे, आणि मी त्यांना पाणी विचारायची. शेजारीण म्हणाली, "मन घट्ट आहे हो तुमचं." घट्ट वगैरे काही नाही. दातांचा डॉक्टर सुई टोचतो, मग ओठ आपला वाटत नाही, बोटाने चाचपून बघावा लागतो, तसं झालंय. हे तुला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. तू दातांच्या कवळ्या करतेस म्हणे.

हे मला पुस्तकवाल्या मुलीने सांगितलं. तुझा पत्ताही तिनेच दिला. आपल्या वस्तुरचनेच्या शाळेवर ती मोठं पुस्तक करते आहे. शाळा उघडल्यापासून बंद पडेपर्यंत, बावीस वर्षांचं सगळं. दोनशे अकरा विद्यार्थी होते म्हणे. मला वाटायचं हजारभर तरी असतील, इतकी त्या इमारतीत आदळआपट असायची. तिने एकेकाला हुडकून काढलंय. तुझ्या नावापुढे तिच्या वहीत फक्त एवढंच होतं: "दुसऱ्या वर्षी शाळा सोडली. कवळ्यांची प्रयोगशाळा. उत्तर देत नाही."

मी हसले. बऱ्याच दिवसांनी.

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर शाळेचा तो घरोघरी पोचलेला दिवा क्रमांक सात येणार आहे. आतल्या पानावर तुझ्या भाऊजींचा फोटो, दिव्याखाली उभे असतानाचा. हे गेल्यामुळे आता त्या पानाला जास्तच महत्त्व आलंय. मुलीला दिव्याची माहिती माझ्याकडून हवी आहे. कारखान्यासाठी नकाशा कुणी काढला, केव्हा काढला, सगळं. इतक्या वर्षांनी कुणाला आठवतंय, असं मी तिला सांगितलं.

तुझ्याकडे त्या वेळचा एखादा फोटो असला तर पाठव.

तुझी,
ताई

११ फेब्रुवारी

डावरे,

उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. सवय अशी लागली की पत्र टाकून आले आणि घरी येऊन परत लिहायला बसले. हे असताना दुपारी चारला चहा लागायचा. आता चार वाजले की हाताला काम राहत नाही.

मुलगी आज दुसऱ्यांदा आली होती. तिशीतली आहे, केस बारीक कापलेले, प्रश्न विचारताना पेनाचं टोपण चावते. तिने शाळेची जागा पाहून आल्याचं सांगितलं. तिथे आता विम्याचं ऑफिस आहे. तिला वाटलं मला वाईट वाटेल. मी विचारलं, "भिंतींना अजून गंधकाचा वास येतो का?" तिला कळेना. मग सांगितलं, की ती इमारत मुळात बंद पडलेला काड्यापेट्यांचा कारखाना. थोरल्या सरांनी परदेशातून दोन ट्रंका आणि एक डोकं भरून कल्पना आणल्या होत्या, आणि त्यांना परवडणारी एकच जागा होती ती. पहिली दोन वर्षं तिथे कुणी विडी पेटवली तरी सुतारकाका काठी घेऊन धावायचे.

"आणि पहिला दिवस?" ती म्हणाली.

पहिला दिवस मी तिला करून दाखवला. टेबलावर कोरा कागद ठेवला आणि थोरल्या सरांच्या आवाजात म्हटलं, "कात्री नाही. गोंद नाही. याला उभा करा." तिने पाऊण तास खटपट केली. शेवटी छपरासारखी एक घडी घालून उभा केला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हे तर सगळेच करतात."

तू काय केलं होतंस ते तिला सांगितलं नाही. तू कागद उलटा धरून मागच्या बाजूने दुमडत गेलीस, डाव्या हाताने, जिभेचं टोक बाहेर काढून. आणि तो वळत वळत उभा राहिला, जिन्यासारखा. सरांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. ते असं वर्षातून एकदा करायचे.

मग शनिवारच्या टेबलाबद्दल विचारलं तिने. लांब टेबल, त्यावर आठवड्याची सगळ्यांची कामं, एकावरही नाव नाही. कुणाचं काय, ते विचारायचं नाही. "वस्तूला सही नसते," हे सरांचं वाक्य तिला आधीच पाठ होतं. पण पुढचं कुणी सांगितलं नव्हतं. सर एकेका वस्तूवर बोलायचे. बोलून झालं की जिने ती केली तिने पुढे व्हायचं आणि आपल्या हाताने घड्या उलगडायच्या, कागद परत सपाट करायचा, खणात ठेवायचा. तोपर्यंत कुणाचं ते कळायचं नाही. उलगडताना कळायचं.

"म्हणजे वाहवा मिळाल्यावर मोडायचं?"

"मोडायचं नाही गं. सपाट करायचं. घडीची रेघ राहते ना."

मुलीने ते लिहून घेतलं. मग एकदम विचारलं, "दिवा सात वाकतो कसा? म्हणजे जगात कुठलाही सात नंबर बघा, एका बाजूला झुकलेला असतो. लोक त्याला लाजरा दिवा म्हणतात. सर एका मुलाखतीत म्हणालेत की तो नम्रतेचा कोन आहे, तो त्यांनी मुद्दाम काढला. पण मूळ नकाशात तो सरळ आहे."

सर म्हणजे तुझे भाऊजी. तेव्हाचे धाकटे सर, आता नुसते सर.

मी म्हटलं, नकाशा मीच काढला होता, पण घाईघाईत. चौदा दिवसांत कारखान्याला द्यायचा होता. वाकण्याचं मला माहीत नाही.

यातलं शेवटचं वाक्य पूर्ण खरं नाही.

तुझी,
ताई

१६ फेब्रुवारी

डावरे,

तू पत्रं फाडून टाकत असशील तर हे तरी फाडण्याआधी वाच.

गेले चार दिवस मी कपाट आवरते आहे. यांचे शर्ट, यांचे चष्मे. चष्मे सात निघाले. एका माणसाला सात चष्मे कशाला लागतात? प्रत्येक वेळी हरवला म्हणून नवीन करायचे आणि मग जुना सापडायचा. मी ते सातही ओळीने टेबलावर मांडले, नाव नसलेले, शनिवारच्या टेबलासारखे. बघत बसले. काही वाटलं नाही.

कपाटाच्या तळाशी माझी नकाशांची मोठी फाइल होती. ती उघडली नाही. आत काय आहे ते मला ठाऊक आहे.

ननांच्या शाळेतली निळी रिबन तुला आठवते का? नको आठवूस. मलाच आठवते. सिस्टरनी तुझा डावा हात खुर्चीच्या पाठीला बांधायला सांगितला, आणि बांधायला तुझ्या शेजारी मला बसवलं, कारण मी थोरली आणि माझं अक्षर सगळ्या शाळेत सुंदर. तू मला म्हणायचीस, "ताई, सैल बांध गं." मी सैल बांधायची. पण बांधायची. तास संपला की तू मनगट चोळायचीस आणि उजव्या हाताने काढलेली ती गिचमिड अक्षरं मला दाखवायचीस: "बघ, कोंबडी चालून गेली." आपण दोघी हसायचो. सिस्टर मला पेन्सिली बक्षीस द्यायच्या. त्यातल्या अर्ध्या मी तुला द्यायची. याचा अर्थ काय होतो ते मी तेव्हा बघितलं नव्हतं.

आता दिव्याचं.

दिवा तू केलास. दुसऱ्या वर्षी, त्या जिन्यासारख्या घडीवरून. एकच कागद, वळत वळत खाली येणारा, आणि वर एक जीभ, ती घडीत खोचली की सगळं आपोआप घट्ट. शनिवारी टेबलावर ठेवला तेव्हा सुतारकाकासुद्धा रंधा हातात घेऊन बघायला आले होते. तू उलगडलास आणि खणात ठेवलास. त्याच महिन्यात कारखान्याचा माणूस दिवे शोधत शाळेत आला, आणि त्याला तोच हवा झाला.

तेवढ्यात घरून तार आली. बाबा पडले होते. तारेत माझं नाव होतं. "थोरलीला पाठवा." मी ट्रंक भरली होती, डावरे. खरंच भरली होती. तुझे भाऊजी तेव्हा फक्त धाकटे सर होते, आमचं ठरून दोन महिने झाले होते. ते दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चौदा दिवसांत नकाशे द्यायचेत. तुझ्याइतका स्वच्छ हात इथे दुसऱ्या कुणाचा आहे?" तू पलंगावर बसली होतीस. म्हणालीस, "मी जाते. ताई, तू नकाशे काढ. नाहीतरी माझ्या नकाशावरून कारखान्यात बादली तयार होईल." आणि माझीच ट्रंक उचलून गेलीस.

मी नकाशे काढले. तुझा कागद खणातून काढून समोर ठेवला. घड्या सगळ्या डावीकडे वळलेल्या. मला ते उलटं दिसत होतं. मी सुलटं केलं. कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, डावखुरीचं काम आहे, लोकांना असं कसं द्यायचं. सगळ्या घड्या मी उजवीकडे वळवल्या, अगदी सुंदर रेघांनी.

आपल्या शाळेच्या नकाशावर नावाचा चौकोन नसायचा. कारखान्याच्या छापील कागदावर होता. रचनाकार, आणि पुढे रिकामी जागा. मी यांना विचारलं, इथे काय लिहू? हे म्हणाले, "शाळेचं नाव बसणार नाही तेवढ्यात. घाल माझं. नाहीतरी कुणाचंच नसतं." हे वाईट माणूस नव्हते. त्या क्षणी त्यांना तसंच वाटत होतं. मी यांचं नाव लिहिलं. माझ्या त्या सुंदर अक्षरात.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की कुणाला आठवतंय. मला आठवतंय. शाई निळी होती.

ताई

२५ फेब्रुवारी

डावरे,

तुझं कार्ड काल आलं.

मी ते पोस्टमनच्या हातून घेतलं आणि उभ्यानेच वाचलं. मग आत जाऊन बसून वाचलं. मग चष्मा बदलून. तुझं अक्षर अजून तसंच आहे, कोंबडी चालून गेल्यासारखं, म्हणजे तू अजून उजव्या हाताने लिहितेस. हे बघून मला काय वाटलं ते लिहीत नाही.

त्रेचाळीस वर्षांनी तुझी एकच ओळ: "पत्रं मिळाली. दवाखान्यातला दिवा किती वाकलाय ते मोजून कळव."

दवाखान्यात दिवा आहे हे मी तुला लिहिलंच नव्हतं. मग लक्षात आलं, की तो कुठे नसतो? पुस्तकवाली मुलगी म्हणते की शाळा बंद पडली पण सगळीकडे आहे. बसथांब्यावरचे बाक, लिफ्टमधले आकडे, औषधाच्या बाटलीचं दाबून फिरवायचं झाकण. कुणाला माहीत नाही आपल्या मुलामुलींनी काय काय करून ठेवलंय. लोक रोज सकाळी आपल्या शाळेच्या मुठीने दार उघडून बाहेर पडतात.

तर दवाखान्यात दिवा आहे. नावनोंदणीच्या खिडकीवर एकच, पिवळट पडलेला. मी आज कोनमापक घेऊन गेले. यांचंच, लाकडी, मोठं.

नोंदणीची बाई फोनवर होती. मी समोरचं स्टूल ओढलं आणि त्यावर चढले. गुडघा जरा कुरकुरला.

"अहो! अहो आजी! काय करताय?"

"कोन मोजते आहे."

"खाली उतरा आधी! पडलात तर मलाच फॉर्म भरावे लागतील."

"पडले तर दवाखान्यातच पडेन."

रांगेतला एक माणूस हसला आणि त्याने स्टूल धरून ठेवलं. बाई खिडकीतून बाहेर आली, कमरेवर हात. म्हणाली, "मागच्या महिन्यात तुमचे मिस्टर इथे होते ना? बसता का जरा? पाणी देऊ?" तिला वाटलं माझं डोकं फिरलंय. मी म्हटलं, "हा वाकलाय तो किती वर्षं असा आहे?" ती म्हणाली, "मी आठ वर्षं बघतेय, असाच. आमचा इलेक्ट्रिशियन म्हणतो, बल्ब बदलला की सैल पडतो. कितीदा सरळ केला, पुन्हा तिथंच येऊन थांबतो. जास्त नाही, कमी नाही."

एकोणीस अंश. दोनदा मोजला. स्टूल धरणाऱ्या माणसालाही दाखवला, तो म्हणाला, "एकोणीसच." साक्षीदार आहे.

तुझी,
ताई

ता.क. दिव्यांच्या दुकानाचं मी मागच्या पत्रात टाळलं. तू तीन महिन्यांनी परत आलीस, बाबांचं सगळं आटोपून, माझी ट्रंक घेऊन. मी घ्यायला आले होते; स्टेशनवरून दोघी येताना रस्त्यात ते दुकान लागलं. काचेमागे सात नंबर लावलेला, खाली यांच्या नावाची पाटी. मला वाटलं तू ओरडशील. तू काचेला नाक लावून बघत राहिलीस. मग म्हणालीस, "ताई, हा वाकणार." आणि ट्रंक तिथेच फुटपाथवर ठेवून उलट्या दिशेने चालायला लागलीस. मला इतकी वर्षं वाटत आलं की तू शाप दिलास.

२ मार्च

डावरे,

फाइल उघडली.

तुझा कागद आहे. मी तो शाळेला परत दिलाच नव्हता. कडा तपकिरी झाल्यात, पण रेघा सगळ्या जागच्या जागी. थोरले सर खरं सांगायचे. घडी सपाट केली तरी रेघ जात नाही.

मी टेबलावर तो मागच्या बाजूने धरला, तू धरायचीस तसा, आणि दुमडायला लागले. माझा उजवा हात सारखा पुढे यायचा. शेवटी मी तो मांडीखाली दाबून धरला आणि डाव्या हाताने केलं. अडीच तास लागले. तू वीस मिनिटांत करायचीस. जीभ घडीत खोचली आणि तो घट्ट झाला. आवाज झाला, बारीक, पाकीट बंद करताना होतो तसा.

मग स्वयंपाकघरातला दिवा काढून तिथे हा लावला. खालून हात घालून बल्ब फिरवला. जसजसा बल्ब बसत गेला तसतशा घड्या आवळत गेल्या. डावीकडे वळणाऱ्या म्हणून आवळल्या. माझ्या उजव्या घड्या त्याच फिरवण्याने सुटत जातात. जीभ निसटते, पुढच्या घडीवर जाऊन अडकते, आणि दिवा तिथे येऊन वाकून बसतो. प्रत्येक घरात, प्रत्येक दवाखान्यात, प्रत्येक वेळी बल्ब बदलला की. तू काचेबाहेरून एका नजरेत बघितलं होतंस. मी बल्ब हातात धरून अडीच तासांनी बघितलं.

दिवा सरळ लटकतो आहे. दोन दिवस झाले. तीनदा बल्ब काढून घातला. सरळ.

आता एक गोष्ट, ती मी कुणालाच सांगितलेली नाही. दवाखान्यातला आठवा दिवस. यांना चाकांच्या खुर्चीत बसवून तपासणीला नेत होते. नोंदणीच्या खिडकीपाशी खुर्ची थांबली. हे वर बघत राहिले. शेवटी शेवटी सगळंच विसरत चालले होते, लेकीचं नावही. म्हणाले, "हा कुणी केलाय गं? चांगला आहे. पण कुणीतरी बिघडवलाय."

मी म्हटलं, "तुम्हीच केलात."

"मी?" म्हणाले. खूश झाले. खुर्ची पुढे गेली.

त्या वेळी खरं सांगितलं असतं तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. दुसऱ्या मिनिटाला ते विसरले असते. मी तेवढंही केलं नाही. ते गेले त्या सकाळी मला रडू आलं नाही, त्याचं कारण मी थकवा समजत होते.

लेकीला काल फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबांना जाऊन दोन महिनेही झाले नाहीत. पुस्तक त्यांच्यासाठी निघतंय. ज्या मावशीला मी कधी पाहिलंही नाही, तिच्यासाठी तू बाबांना खोटं पाडणार?"

मी म्हटलं, "खोटं बाबांनी एकट्याने नाही केलं. अक्षर माझं होतं."

"मग तुझ्यापुरतं ठेव ना ते."

"त्रेचाळीस वर्षं तेच केलं."

तिने फोन ठेवला. अजून केलेला नाही.

पुस्तक वीस तारखेला छापायला जातं. मुलीला मी उद्या बोलावलं आहे. दिवा तिथेच लटकत ठेवणार आहे. आत आली की दिसेल.

तुझी,
ताई

१४ मार्च

डावरे,

दुसरं कार्ड मिळालं. "एकोणीस. मी वीस धरले होते." इतकंच.

म्हणजे तू त्या दिवशी फुटपाथवरून जाताना हिशेब करत गेलीस. जीभ कुठे अडकणार, किती वाकणार. मी मागे उभी राहून रडत होते आणि तू अंश मोजत होतीस. मला हे वाचून पहिल्यांदा बरं वाटलं. कसं सांगू. तू माझ्यामुळे मोडून गेलीस असं मी समजत होते. तू कोनात होतीस.

एक अंशाचा फरक जाडीमुळे असेल. तू कागद धरलास, कारखान्याने पत्रा वापरला.

मुलगी आली होती, त्याचं सांगते. स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. वर बघितलं. म्हणाली, "हा सात नाही."

"सातच आहे."

"पण हा सरळ आहे. आणि उलटा वळलाय."

"उलटा नाही. हाच मूळचा."

मग बसवलं तिला आणि सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसं, तार, ट्रंक, चौकोन. ती टोपण चावत लिहीत गेली. एकदा थांबली आणि विचारलं, "तुमच्या बहिणीची परवानगी आहे?" मी तुझी दोन्ही कार्डं तिच्यासमोर ठेवली. तिने ती उलटीसुलटी करून पाहिली.

"यात परवानगी कुठे आहे?"

"तिने नको म्हटलं नाही. ती नको म्हणणारी आहे."

यात मी चुकत असेन तर वीस तारखेच्या आत कळव. मुलीचा नंबर पाकिटात घातला आहे.

यांचं काय करायचं, तेही तिने विचारलं. अगदी हळू आवाजात, मला दुखेल म्हणून. मी सांगितलं, फोटो काढू नकोस. पान बदल. पहिल्या वर्षाच्या वर्गाच्या पानावर घाल. कोऱ्या कागदापाशी हे चांगले उभे राहायचे. शिकवायचे छान, हे तुलाही मान्य करावं लागेल. त्यांच्या वर्गात झोप कुणालाच आली नाही.

"आणि मुखपृष्ठ?"

मुखपृष्ठावर माझ्या स्वयंपाकघरातला दिवा जाणार आहे. फोटोवाला येऊन गेला. मागे फरशीवर तेलाचा डाग आहे, तो ठेवू का पुसू विचारत होता. म्हटलं, राहू दे.

आज छापायच्या आधीचं पान आलं, तपासायला. दिव्याखालच्या ओळी त्या मुलीने लिहिल्या होत्या, पण मी एक ओळ वाढवून पाठवली होती. ती वाचून तिने मला फोन केला. "नक्की घालू? असं कुणी घालत नाही. मी गाळली तरी कुणाला कळणार नाही."

"माहितेय. घाल."

"तुमच्या शाळेत तर नावच घालत नसत."

"कामावर घालत नसत. सरांनी चुकीबद्दल काही सांगितलं नव्हतं."

लेकीलाही पानाची प्रत पाठवली आहे. तिने उत्तर दिलेलं नाही, पण आज सकाळी फोन करून विचारलं, मावशीचं घर कुठल्या मजल्यावर आहे. मला ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक असेल तर कळव.

तू ये, असं मी म्हणत नाही. ट्रंक अजून माझ्याकडे आहे, एवढं सांगते.

आता त्या ओळी जशा छापून येतील तशा खाली उतरवते आहे. माझं अक्षर हल्ली थरथरतं. तुझं नाव लिहिताना डाव्या हाताने लिहून बघितलं. कोंबडी चालून गेली. तेच ठेवलं आहे.

दिवा क्रमांक ७.
रचना: (इथे तुझं नाव आहे. पूर्ण, बाबांच्या नावासकट.)
नकाशा: (इथे माझं.) चुकीचा.

तुझी,
ताई